वेस्ट सिस्टिम १०५ इपॉक्सी: कोकणातल्या फायबर होडीला कितपत मानवतं?

निकाल आधीच सांगून टाकतो. होडीच्या पाण्याखालच्या भागाला मार लागून आतले काचेचे धागे उघडे पडले असतील, किंवा आरपार भोक पडलं असेल, तर या रेझिनवर (काचेच्या धाग्यांना एकत्र धरणाऱ्या चिकट द्रवावर) खर्च केलेले पैसे वसूल होतात. पाण्याच्या रेषेवर नुसता जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, खरवडला गेला असेल, तर होतील ते पैसे वाया. आणि माल घ्यायचा तर आपल्या हवेत २०९ नंबरच्या हार्डनरबरोबरच (रेझिनमध्ये मिसळून ते घट्ट करणारं रसायन) घ्यावा. दुकानात न विचारता पुढे सरकवला जातो तो बहुधा २०५ किंवा २०६, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथंच असतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बे सिटी इथं गूजन बंधूंनी १९६९ मध्ये बोटी बांधायचा धंदा सुरू केला, त्यातून हे इपॉक्सी पुढं आलं. रेझिन एकच, १०५. हार्डनर मात्र चार: २०५ झटपट, २०६ संथ, २०९ अतिसंथ आणि २०७ पारदर्शक फिनिशसाठी. होडीच्या तळाच्या कामात २०७ची गरज पडत नाही. शिवाय ४०३ ते ४१० या नंबरांच्या पावडरी वेगळ्या मिळतात, त्या मिसळून रेझिनचं चिकट पीठ किंवा लांबी (खाचा भरायची पुट्टी) करता येते. युरोपातून येणारा छोटा पॅक १ किलो रेझिन आणि २०० ग्रॅम हार्डनरचा असतो. हा २०५ किंवा २०६चा. २०९चं प्रमाण वेगळं असल्यामुळे त्यात हार्डनर जास्त लागतो, आणि मागवताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

कोकणातल्या, गोव्यातल्या बहुतेक छोट्या फायबर होड्या पॉलिएस्टर रेझिनच्या असतात. बाहेर जेलकोट, मग मॅट (काचेच्या तुटक्या धाग्यांची चादर), मग रोव्हिंग (जाड विणलेलं काचेचं कापड), पुन्हा मॅट. साहजिकच दुरुस्तीलाही तेच सामान वापरलं जातं: सुटं रेझिन, कोबाल्ट (जमण्याचा वेग वाढवणारा द्राव), हार्डनर, ४५०ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट. यात चूक काही नाही. होडी बांधताना एका थरावर दुसरा थर ओला किंवा चिकट असतानाच पडतो, म्हणून ते रसायनानेच एकमेकांत मिसळून एकजीव होतात. दुरुस्तीच्या वेळी खालचं पॉलिएस्टर कधीचंच जमून मेलेलं असतं. नवा थर त्याला धरतो तो फक्त खरवडलेल्या खाचांच्या जोरावर. त्यात पॉलिएस्टर जमताना पाच ते आठ टक्के आकसतं, म्हणजे ठिगळ कडांकडून स्वतःलाच सोडवू पाहतं. इपॉक्सी आकसतं फार कमी, जुन्या पृष्ठभागाला धरतं जास्त, आणि पाणीही कमी शोषतं. ठिगळाची कड सुटून आत पाणी शिरणं हा पाण्याखालच्या दुरुस्तीचा नेहमीचा रोग आहे, आणि १०५चा खरा उपयोग त्यावरच आहे. बाकी सगळ्या बाबतीत पॉलिएस्टर स्वस्त आहे, सोपं आहे आणि पटकन उरकतं.

माल विकत घ्यायच्या आधी जखम किती आहे ते नीट बघावं. प्लॅस्टिकच्या डोक्याचा हातोडा किंवा जाड नाणं घेऊन मार लागलेल्या जागेभोवती ठोकत जावं. टणक, खणखणीत आवाज आला तर थर धरून आहेत. आवाज बोदा आला की थर एकमेकांपासून सुटलेत. पेन्सिलने त्या बोद्या भागाची हद्द आखली की कळतं, बाहेरून बोटाएवढी दिसणारी जखम आत तळहाताएवढी पसरलेली आहे. दुरुस्तीचं माप या आतल्या हद्दीवरून ठरतं. जेलकोटमध्ये चांदणीसारख्या तडा असतील आणि आवाज टणक असेल, तर काम वरवरचं आहे. पण त्याच जागी तडा पुन्हा पुन्हा येत असतील, तर खालचं फायबर लवचतं आहे. तिथं जेलकोट कितीही भरा, पुढच्या हंगामात तडा हजर. आतून एक-दोन थरांचा किंवा आडव्या पट्टीचा आधार द्यावाच लागतो. इंजिन बसतं त्या पाठीच्या फळीत प्लायवूड असतं, ते भिजून कुजलं असेल तर ते काम किरकोळ दुरुस्तीत मोडत नाही. ते या लेखाबाहेरचं.

आता हार्डनर. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २२ अंश सेल्सियसला १०० ग्रॅम मिश्रण कपात किती वेळ वापरता येतं? २०५ बरोबर ९ ते १२ मिनिटं, २०६ बरोबर २० ते २५, २०९ बरोबर ४० ते ५०. हे २२ अंशाला. मे महिन्यात किनाऱ्यावर सावलीत ३३-३४ अंश असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रसायनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे २०६ हातात दहा-बारा मिनिटं टिकतं. तेवढ्यात मिसळणं, कापड भिजवणं, हवा काढणं काही होत नाही. २०५ तर ब्रश भिजवेपर्यंत कपात धूर सोडायला लागतं. हा धूर खरा असतो. इपॉक्सी जमताना उष्णता सोडतं, कपात ढिगाने राहिलं की ती उष्णता बाहेर पडत नाही, प्लॅस्टिकचा कप वितळतो आणि मिश्रणाचा पिवळा फेसाळ दगड होतो. २०९ ३५ अंशालाही २० ते ३० मिनिटं देतं, आणि पातळ थर सहा-आठ तासांत घट्ट होतो. हे हार्डनर उष्ण, दमट हवेसाठीच बनवलेलं आहे. उलट २१ अंशांखाली ते रेंगाळतं, पण रत्नागिरीत किंवा मालवणात ही अडचण कोणाला पडत नाही.

२०९ घेतलं तरी मिश्रण कपात ठेवून काम करू नये. मिसळून झालं की लगेच पसरट ताटलीत ओतावं, चहाच्या ट्रेवर प्लॅस्टिक पसरलं तरी चालतं. थर पातळ झाला की उष्णता निघून जाते आणि वेळ जवळजवळ दुप्पट मिळतो.

मापात या मालाची सगळ्यात मोठी मेख आहे. २०५ आणि २०६ ला आकारमानाने ५ भाग रेझिनला १ भाग हार्डनर. २०७ आणि २०९ ला ३ भागाला १. कंपनीचे पंप असे बेतलेले आहेत की रेझिनचा एक दाब आणि हार्डनरचा एक दाब मिळून बरोबर प्रमाण पडतं. पण ५:१चा हार्डनरचा पंप वेगळा, ३:१चा वेगळा.  २०९ वर ५:१चा पंप लावला की हार्डनर कमी पडतो, आणि ठिगळ महिनाभर चिंगमसारखं राहतं. पॉलिएस्टरची सवय असलेले कारागीर अशा वेळी आणखी थोडा हार्डनर टाकतात. इपॉक्सीत तो उपाय नाही. पॉलिएस्टरचा हार्डनर नुसती सुरुवात करून देतो, प्रमाण थोडं इकडं-तिकडं झालं तर वेळ बदलतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतः त्या पदार्थाचा भाग होतो, कमी पडला तर रेझिन उपाशी राहतं, जास्त झाला तर फाजील हार्डनर आत ओला राहतो. चुकलेलं मिश्रण खरवडून काढून टाकण्याशिवाय इलाज नसतो.

छोट्या कामाला पंपापेक्षा औषधाच्या दुकानातली सुईविना सिरिंज बरी. ६० मिली रेझिन, २० मिली २०९. दोन्हीला वेगळी सिरिंज, आणि अदलाबदल टाळायला एकीला रंगीत चिकटपट्टी. वजनकाट्यावर मापायचं तर ३:१ घालू नये, कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलका आहे. वजनात ते प्रमाण साडेतीनास एकच्या आसपास जातं, नेमका आकडा डब्यावरच्या तक्त्यातून घ्यावा. मिसळताना दोन मिनिटं पुरी घोटावं, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत. कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन शेवटी ठिगळावर उतरतं आणि तेवढाच डाग चिकट राहतो.

प्रत्यक्ष कामाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. होडीचं अंग ६ मिलिमीटर जाड आहे आणि ५ सेंटिमीटरचं आरपार भोक पडलंय. भोकाभोवतीची कड तिरकी घासून काढलेला उतार जाडीच्या बारा पट ठेवायचा, म्हणजे चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर. एकूण वर्तुळ जवळजवळ २० सेंटिमीटर व्यासाचं होतं. पाच सेंटिमीटरच्या भोकासाठी एवढं चांगलं फायबर घासून काढायचं म्हटलं की मालकाचा जीव खालीवर होतो आणि मग उतार दोन बोटांवर येतो. तडजोड करायची तर पाण्याच्या वर, कमी ताणाच्या जागी आठ पटीवर यावं. तळाला आणि नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाला) बारा पटीखाली जाऊ नये. उतार म्हणजेच चिकटण्याची जागा. ती कमी केली तर महागडं इपॉक्सी आणून उपयोग काय?

घासण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावं, घासल्यानंतर नव्हे. जेलकोटवर साच्याचं मेण आणि पॉलिश असतं, ग्राइंडर आधी लावला की ते मेण खाचांत दाबलं जातं. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचलायचं. त्याही आधी होडी गोड्या पाण्याने धुतलेली हवी, कारण मिठाचे कण हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि ॲसिटोनमध्ये मीठ विरघळत नाही. मग ग्राइंडरला ३६ किंवा ४० नंबरची चकती लावून उतार काढावा, शेवटी ८० नंबरने अंग एकसारखं मारावं. पृष्ठभाग सगळीकडे निस्तेज दिसला पाहिजे. चमकणारा एक ठिपका राहिला, तर तिथं ठिगळ धरणार नाही.

ओलावा तपासायला हातभर लांब-रुंद, जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने होडीला चिकटवून रात्रभर ठेवावं. सकाळी आतल्या बाजूने दव साठलेलं दिसलं तर फायबरमध्ये पाणी आहे, अजून वाळू द्यावं. इथं आपल्या किनाऱ्याची खरी अडचण येते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या शाकारून वर घेतलेल्या असतात, हाताशी वेळ असतो. आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी दमट की ओलं फायबर वाळतच नाही. म्हणून उघडणं, घासणं आणि वाळवणं मेच्या शेवटच्या आठवड्यांत उरकावं, आणि शक्य तर ठिगळही तेव्हाच मारावं. जुलैत करायचंच असेल तर ताडपत्रीची शेड, आत पिवळ्या बल्बची ऊब आणि घासलेली जागा झाकून ठेवलेली, एवढं तरी हवं. इपॉक्सी दमट हवा पॉलिएस्टरपेक्षा बरी सोसतं. ओलं अंग मात्र तेही सोसत नाही.

वेळेचंही एक गणित आहे. सकाळी अंगावर दव असतं, ते वाळेपर्यंत दहा-साडेदहा होतात. पण त्यानंतर ऊन चढत जातं, फायबर तापतं, त्याच्या बारीक छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे धरतात. म्हणून ठिगळ दुपारनंतर, तापमान उतरायला लागल्यावर आणि सावलीत मारावं. २०९ला हे गणित जमतं ते उन्हाळ्यातच. पावसाळ्यात ते जमलं नाही तरी झाकलेल्या शेडमध्ये काम होतं.

कापड कोणतं? इथं बरेच जण अडतात. घरात पडलेली ४५०ची मॅट इपॉक्सीला चालत नाही. मॅटमधले तुटके धागे ज्या डिंकाने एकत्र धरलेले असतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, म्हणून मॅट मऊ होऊन आकाराला बसते. इपॉक्सीत स्टायरिन नाही. डिंक तसाच राहतो, मॅट ताठ राहते, कोपऱ्यावरून उचलते, आत हवा धरते. १०५ बरोबर शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड किंवा विणलेला क्लॉथ घ्यावा. चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाच्या बायॲक्सियलचा हाताने मारलेला एक थर पाऊण मिलिमीटरला जरा कमी भरतो, म्हणून आपल्या ६ मिलिमीटरच्या भोकाला आठ थर. पहिला २० सेंटिमीटरचा, मग १८, १६ असे उतरत शेवटचा ६चा. मोठा आधी की छोटा आधी, यावर कारागिरांत वाद आहे. मोठा आधी लावला तर सगळ्या उताराला एकच अखंड थर चिकटतो, म्हणून तोच क्रम धरावा. आठही थरांचं कापड मिळून साधारण ७० ग्रॅम, रेझिन तेवढंच, भिजवण्यातली नासधूस धरून १२० ग्रॅम मिश्रण, वर लांबीला ५० ग्रॅम. एका छोट्या पॅकमध्ये अशी सहा-सात भोकं सहज निघतात. किमतीचा विचार करताना डब्याच्या किमतीकडे न बघता भोकाच्या किमतीकडे बघावं.

आपल्या उघड्या होड्यांत आतून हात पोचतो, हा फायदा मोठा आहे. बाहेरून भोकावर मेण लावलेला सनमायकाचा तुकडा चिकटपट्ट्यांनी ताणून बसवायचा, आतून उतार काढायचा आणि आतूनच थर मारायचे. बाहेरचं अंग जवळजवळ गुळगुळीतच निघतं. आत हवाबंद पोकळी किंवा फोम असेल, तर बाहेरून करावं लागतं. त्यासाठी दोन थरांची पातळ चकती आधी वेगळी बनवून, तिला मधोमध तार बांधून, तिरकी करून भोकातून आत सारायची, कडांना ४०६ मिसळलेलं घट्ट इपॉक्सी लावून तारेने बाहेर ओढून धरायची. ती जमली की तार कापायची आणि तिच्यावर थर मारायचे.

थर मारण्याआधी घासलेल्या उतारावर नुसतं इपॉक्सी ब्रशने पातळ लावून घ्यावं, नाहीतर कोरडं फायबर कापडातलं रेझिन शोषून घेतं. मग चार थर, चिकट होईपर्यंत थांबून पुढचे चार. आठही एकदम मारले तर जाडीत उष्णता कोंडते. मधली वेळ चिकटपणाच्या अवस्थेत साधली तर मध्ये घासावं लागत नाही, नवा थर खालच्याला रसायनानेच जुळतो. लोखंडी रोलर किंवा प्लॅस्टिकची पट्टी मधून कडेकडे ओढत हवा काढावी. पांढरट डाग म्हणजे हवा किंवा कोरडं कापड. शेवटी वर पील प्लाय (जमल्यावर सोलून काढायचं कापड) टाकावा. तो नसेल तर जाड पॉलिथिन ताणून बसवावं. पृष्ठभाग सपाट येतो आणि पुढचा एक त्रास वाचतो.

तो त्रास म्हणजे वरची साय. दमट हवेत इपॉक्सी जमताना वर मेणासारखा, किंचित तेलकट थर येतो. आपल्याकडे तो येतोच. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला की कागद चिकटतो आणि साय खाचांत जाते, वरचा रंग दोन महिन्यांत पापुद्र्याने सुटतो. ती साय पाण्यात विरघळते, ॲसिटोनने नाही जात. साध्या पाण्याने, भांडी घासायच्या हिरव्या जाळीने रगडून धुवावं, पुसून घ्यावं, मग ८० नंबर मारावा. एवढं साधं काम चुकल्यामुळे सगळ्यात जास्त इपॉक्सी बदनाम होतं.

खाचा आणि ओरखडे भरायला पावडर जागेप्रमाणे. तळ वाळूवर ओढून घासला जातो, तिथं ४०६ किंवा ४०४ घालून दही-पोह्यांसारखं घट्ट करावं, ते टणक जमतं आणि घासताना जीव काढतं. पाण्याच्या वरच्या भागाला ४०७ हलकी, घासायला सोपी. ४१० तर लोण्यासारखी घासली जाते, पण गडद रंगाखाली वापरू नये, उन्हात तापून ती मऊ पडते. निळ्या-हिरव्या होड्यांनी हे लक्षात घ्यावं. गाडीच्या दुकानातली डेंटिंग-पेंटिंगची लांबी मात्र पाण्याखाली मुळीच नको. तिच्यात शंखजिरं असतं, ते पाणी पितं, आणि फुगलेला गोळा अखेर वरच्या रंगासकट बाहेर पडतो.

फोड आलेली होडी हा वेगळा प्रकार. तळाला मसुराच्या डाळीएवढे किंवा नाण्याएवढे फोड, फोडल्यावर आंबट वासाचं पाणी. फायबरच्या आतली न जमलेली रसायनं पाण्यात विरघळून तो दाब तयार करतात. प्रत्येक फोड पूर्ण उघडावा, गोड्या पाण्याने दिवसातून दोनदा काही दिवस धुवावा, नीट वाळवावा, मग इपॉक्सीने भरावा. इथं पॉलिएस्टर वापरणं म्हणजे ज्या मालाने पाणी आत घेतलं तोच माल पुन्हा भरणं. १०५ इथंही कामाला येतं.

आता या मालाच्या उणिवा. ऊन त्याला सोसत नाही. रंगाविना ठेवलं तर काही महिन्यांत पिवळं पडतं, मग खडूसारखी पावडर सुटते. म्हणजे वर रंग हवाच, आणि तिथं दुसरी अडचण: जेलकोट. जेलकोट पॉलिएस्टर आहे, इपॉक्सीचा हार्डनर त्याला जमू देत नाही. इपॉक्सी पूर्ण जमलेलं, साय धुतलेलं आणि ८० नंबरने घासलेलं असेल तर जेलकोट धरतो. घाईत केलं तर तो चिकटच राहतो. २०९ला पूर्ण जमायला आठवडाभर द्यावा लागतो. शिवाय नवा जेलकोट जुन्या, उन्हाने उडालेल्या रंगाशी जुळवणं वेगळीच कला. पाण्याखाली हा खटाटोप करू नये: इपॉक्सी प्रायमर, वर शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) रोखणारा रंग. पाण्याच्या वरचा, दिसणारा ओरखडा असेल तर सुरुवातीपासूनच इपॉक्सी नको. जेलकोटचा ओरखडा जेलकोटनेच भरावा.

म्हणजे वरच्या भागाला सुटं पॉलिएस्टर आणि जेलकोट हेच योग्य सामान. त्याचंही माप सांगून ठेवतो, कारण ते सुटं मिळतं म्हणून अंदाजाने वापरलं जातं. हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के, मेच्या उन्हात एक टक्का. म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला साधारण १ मिली, सिरिंजने मापून. एक टक्क्याखाली गेलं की ते आतून कधीच पुरतं जमत नाही. अडीचच्या वर गेलं की तापतं, तडकतं, ठिसूळ होतं. ३० सेंटिमीटर चौरस ४५०ची मॅट ४० ग्रॅम भरते, तिला १०० ग्रॅमच्या आसपास रेझिन लागतं, आणि एक थर एक मिलिमीटर देतो. जेलकोट अर्धा मिलिमीटर जाड ठेवावा. हवा लागली की वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर पॉलिथिन चिकटवावं किंवा मेण घातलेला जेलकोट घ्यावा. मग ४००, ६००, ८००, १००० नंबरचा ओला पॉलिश पेपर आणि शेवटी कंपाउंड. सुट्या मालाचा एक दोष मात्र आहे: रेझिनचा टिकाऊपणा सहा महिन्यांच्या आसपास, आणि बाटलीत भरून मिळालेल्या मालावर तारीख नसते. घट्ट, तारा सुटणारं रेझिन हातात आलं तर परत करावं.

एक गोष्ट दुकानदाराने न सांगितली तरी पाठ असावी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. ते पेटतात, स्फोटही होतो. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, पूर्ण घोटल्यावर मग हार्डनर. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कप्प्यात. हा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा, आणि हाताशी पाण्याची बादली. काम चाललंय तिथं विडी नको, स्टायरिन आणि ॲसिटोन दोन्ही पेट घेतात. घासताना तोंडाला रुमाल पुरत नाही, काचेची धूळ अडवणारा एन-९५ तरी हवा. रेझिनच्या वाफेला तोही पुरत नाही, कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. इपॉक्सीला वास कमी म्हणून हातमोजे काढू नयेत. एकदा अंगावर खाज उठायची सवय लागली की ती आयुष्यभर जात नाही. हाताला लागलेलं इपॉक्सी ॲसिटोनने धुणं त्याहून वाईट, ते त्वचेत आत जातं. आधी कोरड्या फडक्याने पुसून, मग साबण.

समुद्रात असताना छोटं भोक बुजवायला हाताने मळायची इपॉक्सी पुट्टी, आपली एम-सील, डब्यात असावीच. ती किनाऱ्याला आणून पोचवते. मात्र तिच्यावर रंग मारून अख्खा हंगाम काढू नये. तिच्यात कापड नाही, अंग लवचलं की गोळा सुटतो. किनाऱ्यावर आल्यावर ती पूर्ण खरवडून काढावी, वरून ठिगळ मारू नये.

उरलेलं १०५ झाकण घट्ट लावून सावलीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं, हा पॉलिएस्टरवरचा मोठा फायदा. पंप डब्यावर लावून ठेवले तर हार्डनरच्या पंपाचं तोंड सुकून अडतं आणि पुढच्या वेळी पहिला दाब कमी पडतो, म्हणून पहिले दोन दाब टाकून द्यावेत. हार्डनर कालांतराने लालसर-तपकिरी होतो, त्याने बळ कमी होत नाही. रेझिन थंडीत साखरेसारखं दाणेदार झालं तर डबा गरम पाण्यात ठेवून ढवळावा, पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय मापू नये.